हॅमर दिसला, म्हणजे तळ लागला?

13 मार्च 2020, शुक्रवार. बाजार उघडताच निफ्टी 10 टक्क्यांनी कोसळला, सर्किट लागलं आणि व्यवहार 45 मिनिटं थांबले. पण 8555 चा तळ गाठलेला हाच निर्देशांक दिवसअखेर 9955 वर बंद झाला. चार्टवर हिरवीगार कँडल, खाली लांबलचक शेपटी. बाजार वळल्याची याहून ठसठशीत खूण शोधूनही सापडली नसती. सोमवारी निफ्टी साडेसातशे अंकांनी आपटला, 23 तारखेला 7610 वर बंद झाला.

कँडल खोटं बोलली नव्हती. तिच्यात भाव चारच: उघडतानाचा, बंद होतानाचा, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा. खालची शेपटी एवढंच सांगते की त्या पातळीवर खरेदीदार आले. ते सोमवारीही येतील, हे आपण पदरचं जोडतो.

म्हणून आकारापेक्षा जागा महत्त्वाची. घसरणीनंतर आलेली, वर छोटं अंग आणि खाली लांब शेपटी असलेली कँडल म्हणजे हॅमर; ती जुन्या सपोर्टजवळ, वाढलेल्या व्हॉल्यूमसह आली तर तिला वजन. तोच आकार तेजीच्या माथ्यावर आला की त्याला हँगिंग मॅन म्हणतात आणि अर्थ उलटतो. मधल्या रेंगाळत्या पट्ट्यात आला तर सोडून द्यावा.

इंट्राडेत तर मोहांची रेलचेल. सव्वानऊ ते साडेतीनमध्ये पाच मिनिटांच्या 75 कँडल बनतात. त्यांत दोन-चार हॅमर निघणारच. तिसऱ्या मिनिटाला सुबक हॅमर दिसतो, पाचव्या मिनिटाला तिथे लाल ठोकळा असतो. कँडल पूर्ण होऊ द्यावी, पुढची तिच्या माथ्याच्या वर बंद झाली तरच शिरावं, हे सगळेच सांगतात. या सबुरीची किंमत मात्र फारसं कोणी सांगत नाही. समजा, हॅमरचा तळ 200 आणि माथा 206 आहे. खात्री करून 207 ला घेतलं आणि स्टॉपलॉस 199 ला लावला, तर शेअरमागे आठ रुपये पणाला लागले. वरचा रेझिस्टन्स 211 वर असेल, तर चार रुपयांसाठी आठ रुपयांची जोखीम कशाला? खूण बरोबर असूनही सौदा वाईट असतो, तो असा. हा हिशेब करायलाच हवा, कारण सेबीच्या अभ्यासानुसार 2022-23 मध्ये शेअरमध्ये इंट्राडे करणाऱ्या दर 10 जणांपैकी 7 तोट्यात होते.

आणि 2020 चा खरा तळ? तो 24 मार्चला 7511 वर लागला. त्याच रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. त्या दिवशीची कँडल अगदीच साधी होती: इवलंसं अंग, वर-खाली दोन्हीकडे शेपट्या.