वेळासची वासंतिक पहाट

रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास गांवचा समुद्रकिनारा पाहावा तो चैत्रांतल्या पहाटे. रात्रीं जमीन पाण्यापेक्षां लवकर निवते. म्हणून त्या वेळीं वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. यासच मतलई वारा म्हणतात.

वाळू निवल्याची हीच खूण ओळखून कासवांचीं पिलें बिळांतून वर येतात. मादी खळग्यांत सुमारें १०० अंडीं घालून निघून जाते. पुढें सुमारें ५० दिवस वाळूची ऊब हीच त्यांची माउली. ऊब अधिक असल्यास माद्या अधिक निपजतात, कमी असल्यास नर.

पूर्वीं हीं अंडीं लोक खाण्यासाठीं नेत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र या संस्थेनें ग्रामस्थांच्या साह्यानें त्यांचें रक्षण आरंभिलें. आतां अंडीं कुंपणांत पुरून ठेवितात व पिलें पाण्याकाठीं सोडतात.

समुद्रावरील क्षितिजाचा उजेड पाहूनच पिलूं पाण्याची वाट धरतें. किनाऱ्यावर दिवे लागले, कीं तें फसून जमिनीकडे वळतें आणि प्राणास मुकतें. म्हणून पहाटे तेथें फिरावयास जाणाऱ्यानें हातांतील विजेरी मालवावी आणि पाऊल जपून टाकावें.