बाजारांतील वाटा कसा वाचावा

बाजारांतील वाटा मोठा, म्हणजे धंदा निर्धास्त, असा पुष्कळांचा समज असतो. अमेरिकेंतील फोर्ड कारखान्याचा अनुभव निराळा आहे. १९०८ सालीं त्याची ‘मॉडेल टी’ मोटार ८५० डॉलरांस मिळे. १९१३ पासून सरकत्या रांगेवर जोडणी सुरू झाली. सांगाडा जोडण्यास लागणारे सुमारें १२ तास दीड तासावर आले. खर्च उतरला, तशी किंमतहि उतरली. १९२३ च्या सुमारास देशांतील निम्म्या मोटारी फोर्डच्याच होत्या. पुढें किंमत ३०० डॉलरांखालीं आली, तरी वाटा घटूं लागला. कारण गिऱ्हाइकांस आतां बंदिस्त, रंगीत गाड्या हव्या होत्या, आणि महाग असूनहि शेव्हरलेट खपत होती. १९२७ सालीं ‘टी’ बंद झाली. म्हणून वाटा, खर्च व किंमत हे तिन्ही आंकडे शेजारीं मांडून, ते कोणत्या दिशेनें चालले आहेत हें पाहूनच धंद्याची प्रकृति ओळखावी.