एमएच पासिंगची गाडी बर्फात

मनालीजवळचा ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा ऑक्टोबर २०२०मध्ये खुला झाला आणि ऐन हिवाळ्यात लाहौलमधलं सिस्सू आवाक्यात आलं. पुण्या-मुंबईहून स्वतःची गाडी काढून तिकडे जाणारेही वाढले. निघताना मिळणारे सल्ले मात्र बहुतेक आपल्या घाटातल्या पावसावर बेतलेले असतात.

‘रेडिएटरमध्ये पाणी आहे ना, मग झालं’ हा त्यातला सर्वांत महागात पडणारा. पातळी उतरली की बाटलीतलं पाणी ओतायचं, ही आपली जुनी सवय. अशी भर पडत गेली की आत कूलंट नावापुरतं उरतं. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि रात्रभर उघड्यावर राहिलेल्या गाडीचा रेडिएटर, प्रसंगी इंजिनचा ब्लॉकही तडकवतं. मग काही जण दुसऱ्या टोकाला जातात नि पाणी न मिसळता निव्वळ कूलंट भरतात. तेही चूकच. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल निव्वळ असेल, तर उणे १३ अंशांच्या आसपास गोठतं. निम्मं पाणी मिसळलं की तेच मिश्रण उणे ३७पर्यंत टिकतं. म्हणून जुनं सगळं काढून योग्य प्रमाणातलं नवं भरायचं काम घरच्या गॅरेजातच उरकावं. तयार मिश्रणाचा डबा घेतला असेल, तर त्यात आणखी पाणी घालू नये.

डिझेलवाल्यांचा गैरसमज वेगळाच. ‘वर पंप कमी, खालीच टाकी फुल करा.’ डिझेल पाण्यासारखं गोठत नाही. त्यातल्या मेणाचे कण थंडीत वेगळे होतात आणि फिल्टर तुंबवतात. सेल्फ फिरतो, इंजिन घेत नाही. भारतीय मानकानुसार साधं डिझेल वाहायचं थांबण्याचं तापमान हिवाळ्यात ३ आणि उन्हाळ्यात १५ अंशांपर्यंत असू शकतं. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं, ते याच कारणाने. तेव्हा टाकी रिकामी होत वर पोहोचावी आणि तिथलं हिवाळी डिझेल मिळेल तिथे भरावं. रॉकेल मिसळायचा जुना उपाय आजच्या कॉमन रेल इंजिनला मारक आहे. रॉकेलला वंगण कमी, त्यामुळे पंप झिजतो. पेट्रोल गाडीला ही कटकट नाही.

‘बॅटरी थंडीने मेली’ असं म्हणतात, पण तिचं आयुष्य खाल्लेलं असतं आपल्या उन्हाने. थंडी फक्त ते उघडं पाडते. उणे १८ला चांगल्या बॅटरीचीही क्षमता निम्म्यावर येते, शिवाय थंड ऑइल घट्ट झाल्याने इंजिन फिरवायला ताकद जास्त लागते. जुनी बॅटरी असेल तर निघण्याआधीच बदलावी. ऑइलबाबत थोडक्यात: २०डब्ल्यू-४० बर्फाळ पहाटेसाठी नाही. गाडीच्या पुस्तकात ५डब्ल्यू-३० चालतं असं असेल, तर ते घालावं.

रात्री गाडीतच झोपायचं, इंजिन आणि हीटर चालू ठेवायचा, ही कल्पना तर जिवावर बेतू शकते. बर्फाने सायलेन्सर बुजला की कार्बन मोनॉक्साइड आत येतो, आणि त्याला वास नसतो. जानेवारी २०२२मध्ये पाकिस्तानात मरीजवळ बर्फात अडकलेल्या गाड्यांत वीसहून अधिक माणसं दगावली. त्यांतल्या काहींचा बळी या वायूने घेतला. सकाळी गोठलेल्या काचेवर गरम पाणी ओतायचाही मोह होतो. काच तडकते.

राहिला ‘फोर बाय फोर आहे, चिंता नको’ हा भ्रम. फोर बाय फोर गाडीला हलायला मदत करते; थांबायला ब्रेक आणि टायरच लागतात, आणि आपले टायर उष्ण रस्त्यांसाठीचे, ७ अंशांखाली त्यांचं रबर कडक होऊ लागतं. पकड वाढावी म्हणून हवा कमी करणारे आहेतच, पण तापमान दहा अंश उतरलं की टायरमधली हवा आपोआपच दोनेक पीएसआय कमी होते. तेव्हा मोजून ती कंपनीने सांगितल्याइतकी करावी. साखळ्या ज्या चाकांना इंजिनची ताकद मिळते त्यांनाच लावायच्या, म्हणजे आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या. त्या चढवायचा सराव घरच्या पार्किंगमध्ये करून निघावं. बधिर बोटांनी, अंधारात, मागे हॉर्न वाजत असताना साखळीची कडी सापडत नाही.