मागच्या सीटचा पट्टा

लग्नसराई सुरू झाली की आपल्या घरांतून नागपूर-रायपूरच्या फेऱ्या वाढतात. गोंदियाहून कोहमाऱ्याला आलो की राष्ट्रीय महामार्ग 53 लागतो आणि गाडी वेग घेते. पुढचे दोघे पट्टा लावून बसलेले असतात. मागे अम्मी, आपा, दोन मुले, मांडीवर तान्हे बाळ. पट्टा कुणालाच नाही. शोधायला गेलो, तर बक्कल नव्या सीट कव्हरखाली दडलेले!

मागच्यांना पट्टा लागत नाही, असे आपण धरून चालतो. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 नुसार मात्र पुढे तोंड असलेल्या मागच्या सीटवरच्या प्रवाशांनाही पट्टा बंधनकारक आहे. 2019 च्या कायदादुरुस्तीत पट्ट्याविना प्रवासाला 1000 रुपये दंड सांगितला आहे. 14 वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल, तरी तेवढाच दंड आहे.

पण प्रश्न दंडाचा नाही, जिवाचा आहे. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्यासह मागे बसलेले दोघे गेले. त्यांनी पट्टा लावला नव्हता. पुढचे दोघे जखमी झाले, पण वाचले.

धडकेनंतर गाडी थांबते, आतले शरीर त्याच वेगाने पुढे जाते. अशा वेळी आईची मिठी कितीही घट्ट असली, तरी बाळ हातातून सुटते. बाळाला मांडीवर घेऊन पुढे बसणे तर आणखी घातक. एअरबॅग उघडली की तिचा जोरदार फटका थेट बाळाला बसतो.

बुरखा, ओढणी यांची अडचण होत नाही. कापडाचा चोळा होऊ न देता खालचा पट्टा कमरेच्या हाडांवर आणि वरचा खांद्यावरून छातीवर घ्यावा. गरोदर बहिणीने खालचा पट्टा पोटाच्या खाली ठेवावा. बाळासाठी त्याच्या वजन-उंचीची चाइल्ड सीट मागे बसवावी. पट्ट्याचा इशारा बंद करणाऱ्या क्लिपा घेऊ नयेत. मे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्यांच्या ऑनलाइन विक्रीविरुद्ध आदेश काढले आहेत.

उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरोसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी उंट बांधायला सांगितले. सफरची दुआ आपण न चुकता पढतो. या जुम्याला सीट कव्हर उचलून बक्कलही बाहेर काढू या. गाडी निघण्याआधी मागे वळून एकदा विचारू या, “सगळ्यांनी पट्टे लावले ना?”