टँकातली तिसरी का मरते?

हातखंबा समुद्रापासून आत आहे. मुंबई-गोवा महामार्ग आणि रत्नागिरी-कोल्हापूर रस्ता जिथे भेटतात त्या या तिठ्यावर जिवंत तिसऱ्या, म्हणजे खाडीतले खायचे शिंपले, येतात ते रत्नागिरीच्या बाजारातून, टोपलीतून. घरी खाऱ्या पाण्याचा टँक असलेल्या माणसाला त्यातल्या दोन-चार टँकात सोडाव्याशा वाटतात. पुढे त्या मरतात त्या बहुतेक वेळा चुकीच्या काळजीमुळे.

पहिला गैरसमज असा, की मिटलेली तिसरी मेलेली आणि उघडी रमलेली. ओहोटीला उघड्यावर पडलेली तिसरी शिंपले घट्ट मिटून तासन्‌तास तग धरते, म्हणून बाजारातून आणलेली मिटलेलीच असायची. उघडी असेल तर बोटाने हलकेच टोचा. मिटली तर जिवंत आहे. तोंड वासून पडली असेल आणि टोचूनही हलत नसेल, तर ती ताबडतोब बाहेर काढा. लहान टँकात एक मेलेली तिसरी सडली तरी अमोनिया वाढून बाकीच्यांचा जीव जातो.

'कोमेजली आहे, गोड्या पाण्यात ठेवली की तरतरी येईल' असंही म्हणतात. गोडं पाणी लागताच ती स्वतःला कोंडून घेते आणि फार वेळ ठेवली तर मरते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर आणखी वाईट. घरी आणेपर्यंत ओल्या फडक्यात, सावलीत ठेवा. बादलीभर साचलेल्या पाण्यातला प्राणवायू लवकर संपतो.

स्वयंपाकाचं मीठ पाण्यात ढवळलं की समुद्राचं पाणी झालं, हा समज तर फारच पसरलेला आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, पण त्यात मॅग्नेशियम आणि कॅल्शियमही असतं. शिंपला वाढायला कॅल्शियम लागतंच. टँकासाठी मिळणारं सागरी मीठ वापरा. तिसरी खाडीतली, तिथलं पाणी बहुधा समुद्राइतकं खारट नसतं, पावसाळ्यात तर खूपच उतरतं. म्हणून तिला टँकात एकदम टाकू नका. बारीक नळीला गाठ मारून टँकाचं पाणी तिच्या भांड्यात थेंबथेंब सोडा, तास-दोन तास लागू द्या.

सगळ्यात जास्त तिसऱ्या मारतो तो समज म्हणजे 'चांगला दिवा लावला की पुरे'. ही सूचना मूळची प्रवाळांत राहणाऱ्या महाकाय शिंपल्यासाठी, म्हणजे ट्रायडॅक्नासाठी. त्याच्या मांसल पडद्यात सूक्ष्म शैवाल वस्तीला असतं आणि ते उजेडातून अन्न तयार करतं. तिसरीत असं शैवाल नसतं. ती पाणी गाळून त्यातले सूक्ष्म वनस्पतिप्लवंग खाते. स्वच्छ, झगझगीत टँकात ती हळूहळू उपाशी मरते, आणि दगड-प्रवाळांवर ठेवलेली तर बिचारी पुरूनही घेऊ शकत नाही. तिला चारेक इंच बारीक वाळू द्या. ती स्वतःच पाय बाहेर काढून आत जाते, फक्त पाणी आत-बाहेर घेणाऱ्या तिच्या नळ्या वर दिसतात. ती पुरून घेते हीच सावरल्याची खूण, तेव्हा रोज उकरून बघू नका. पीठ किंवा दूध पाण्यात घालणं म्हणजे पाणी नासवणं. जिवंत प्लवंग वाढवून किंवा विकत आणून थोडेथोडे, वारंवार घालता येत असतील तरच तिसरी पाळा.

शंका असेल तर रत्नागिरीतच शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, आणि कोकण कृषी विद्यापीठाचं सागरी संशोधन केंद्रही मत्स्यालयासह शहरातच आहे. तिथे जाऊन विचारा. टँकातून काढलेली तिसरी मात्र परत खाडीत सोडू नका, बाहेरून आलेल्या माशांचे रोग तिच्याबरोबर खाडीत जाऊ शकतात.

आणि तो रंगीत पडद्याचा ट्रायडॅक्ना? भारतात तो लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबारच्या प्रवाळांत सापडतो. त्याच्या मॅक्सिमा आणि स्क्वामोसा या दोन जाती 2001 मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये घेतल्या गेल्या. जिवंत प्रवाळांनाही याच कायद्याचं संरक्षण आहे. कोणी 'कुठूनही आणून देतो' म्हणाला तरी घेऊ नका, वन विभागाला कळवा.