जुनी गाडी खाली घेण्याआधी…

समजा, तुम्ही भिलाईच्या कॅम्प-१ मध्ये राहता. दारात ‘सीजी ०७’ नंबरची जुनी मारुती ८०० उभी आहे. बाबा बीएसपीतून निवृत्त झाले तरी ही गाडी काही निवृत्त झालेली नाही. दिवाळीला हिच्यातूनच राजनांदगाव, साकोली, भंडारा करत नागपूरला आजोळी जायचे असते. हल्ली मात्र गतिरोधक आला की पुढून ‘खट्’ आवाज येतो आणि ब्रेक दाबला की गाडी नाक जमिनीला टेकवते. मिस्त्री सांगतो, “पुढचे दोन्ही शॉकर गेले.” तेवढ्यात कॉलेजातला चिरंजीव म्हणतो, “बाबा, नाहीतरी खोलायचेच आहे, तर स्प्रिंगाही छोट्या टाकून गाडी जरा खाली घेऊ या ना! भारी दिसेल.”

आता काय कराल? ‘हो’ म्हणण्याआधी किंवा त्याला गप्प बसवण्याआधी हा लेख दोघांनी मिळून वाचा.

शॉकर आणि स्प्रिंग, दोघांची कामे वेगळी

गाडीचे वजन स्प्रिंग पेलते. खड्ड्यात चाक गेले की ती दबते आणि लगेच उसळते. ती एकटी असती तर गाडी पाळण्यासारखी डुलत राहिली असती. ही उसळी थांबवण्याचे काम शॉकर करतो. त्याच्या नळीत तेल असते. दांडा आत-बाहेर होताना ते तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि उसळीचा जोर तिथे जिरतो.

मारुती ८०० सारख्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या बाजूला स्प्रिंग आणि शॉकर एकाच उभ्या खांबात बसवलेले असतात. हाच ‘स्ट्रट’. अमेरिकन अभियंता अर्ल मॅकफर्सन याने १९४० च्या दशकात ही रचना विकसित केली, म्हणून तिला त्याचे नाव आहे. कमी जागा, कमी भाग, कमी खर्च, त्यामुळे जगभरच्या छोट्या गाड्यांनी ती उचलली. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची चावी ग्राहकाच्या हाती पडली, तेव्हा पुढच्या चाकांवर हीच रचना होती.

या रचनेत एक गोष्ट महत्त्वाची आहे. स्टिअरिंग फिरवले की चाकाबरोबर हा स्ट्रटही फिरतो. म्हणजे तो वजन पेलतो, धक्के जिरवतो आणि चाक कोणत्या कोनात उभे राहील हेही ठरवतो. तो बिघडला किंवा चुकीचा बसवला, तर आराम जातोच, शिवाय ब्रेक मारताना आणि वळताना गाडी हातात राहत नाही.

आधी खात्री करा, मग खर्च

‘खट्’ आवाज आला म्हणजे शॉकरच गेला असे नाही. लोअर आर्मचा घासलेला बुश, ढिला बॉल जॉइंट किंवा स्ट्रटच्या डोक्यावरचे फाटलेले रबरी माउंटिंगही तसाच आवाज काढते. म्हणून मिस्त्रीसमोर उभे राहून चार गोष्टी बघा.

• शॉकरच्या नळीवर तेलाचा ओला, धूळ चिकटलेला थर आहे का? असेल तर सील गेले.
• बॉनेटचा कोपरा जोरात दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन स्थिर व्हायला हवी. दोन-तीनदा डुलली तर शॉकर थकला आहे.
• टायरवरून हात फिरवा. जागोजागी खळगे लागले तर चाक रस्त्यावर नीट टेकत नाही आहे.
• गाडी उभी असताना कोणाला तरी स्टिअरिंग फिरवायला सांगा आणि स्ट्रटच्या डोक्यावर हात ठेवा. करकर जाणवली किंवा स्प्रिंग अडकून झटक्याने फिरली, तर वरचे बेअरिंग गेले आहे.

शॉकर बदलायचेच ठरले तर पुढची जोडी एकत्र बदला. एक नवा आणि एक जुना असेल तर जोराच्या ब्रेकला गाडी एका बाजूला ओढू शकते. माउंटिंग, बेअरिंग, धुळीचे रबरी कव्हर आणि बंप स्टॉप हे लहान भागही त्याच वेळी नवे टाका. ते राहून गेले तर सहा महिन्यांनी तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते.

या कामात खरा धोका कुठे आहे?

घरचे पाने काढून यूट्यूब बघत हे काम करायचा मोह अनेकांना होतो. त्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

गाडी जॅकवर उचलली, चाक काढले, तरी स्प्रिंग मोकळी झालेली नसते. ती स्ट्रटमध्ये दाबून बसवलेली असते आणि तिला अडवून धरतो तो वरचा, मधला एकच नट. स्प्रिंग न दाबता तो नट सोडला, तर वरची वाटी, नट आणि स्प्रिंग गोळीसारखी सुटतात. हात मोडण्यापासून जीव जाण्यापर्यंत काहीही होऊ शकते.

म्हणून नियम एकच. आधी स्प्रिंग दाबायचे साधन, म्हणजे स्प्रिंग कॉम्प्रेसर, समोरासमोर लावून दोन्ही बाजू थोड्या-थोड्या, आळीपाळीने आवळायच्या. स्प्रिंग वाटीत मोकळी हलू लागली की मगच मधला नट सोडायचा. या वेळी तोंड स्प्रिंगच्या रेषेत ठेवायचे नाही. ज्या गॅरेजात कॉम्प्रेसरऐवजी दोरी किंवा तार बांधून ‘चालवून घेतात’, तिथून गाडी परत आणा.

बाकी कामाचा क्रम साधारण असा असतो:

१. सपाट, कडक जमिनीवर गाडी उभी करून मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा. चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे ढिले करा. गाडी उचलल्यावर तिच्याखाली स्टँड हवाच. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली हात घालू नये.
२. स्ट्रटला अडकवलेली ब्रेकची नळी सोडवा. स्ट्रट काढल्यावर चाकाचा भार त्या नळीवर किंवा अ‍ॅक्सलवर लोंबकळू देऊ नका, तारेने बांधून ठेवा.
३. स्ट्रट आणि चाकाचा जोड ज्या बोल्टनी आवळलेला असतो, तिथे काढण्याआधी खडूने किंवा रंगाने खूण करा. परत बसवताना कोन जवळपास जुळतो.
४. नव्या स्ट्रटवर स्प्रिंगचे टोक खालच्या वाटीतल्या खाचेत नेमके बसले आहे ना, हे पाहूनच कॉम्प्रेसर सोडा.
५. रबरी बुश असलेले बोल्ट ढिले केले असतील तर ते गाडी चाकांवर उभी राहिल्यावर शेवटचे आवळा. लोंबकळत्या स्थितीत आवळले तर रबर पिळलेलेच राहते आणि लवकर फाटते.
६. शेवटी अलाइनमेंट. ‘दोनच बोल्ट तर काढले होते’ म्हणून ते टाळू नका. नवे टायर खाऊन गाडी त्याची वसुली करते.

आता चिरंजीवांचा प्रश्न: गाडी खाली घ्यायची का?

त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. गाडीचा भार जमिनीच्या जवळ आला की वळणावर ती कमी कलते. शर्यतीच्या गाड्या म्हणूनच बसक्या असतात. पण त्या गाड्यांत स्प्रिंग, शॉकर आणि बाकीचे सांधे एकमेकांना जुळवून बनवलेले असतात.

आपल्याकडे ‘गाडी खाली घेणे’ म्हणजे पुष्कळदा ग्राइंडरने स्प्रिंगचा एक वेढा कापणे. इथे साधे गणित बघा. स्प्रिंगचे वेढे कमी झाले की ती त्याच प्रमाणात कडक होते. काम करणाऱ्या आठ वेढ्यांतला एक कापला तर उरलेली स्प्रिंग सुमारे १४ टक्के कडक होते. जुन्या शॉकरला तिची उसळी आवरत नाही. मोठ्या खड्ड्यात चाक खाली लोंबले तर आखूड झालेली स्प्रिंग वाटीतून सरकूही शकते. काही जण गॅसकटरने स्प्रिंग तापवून बसवतात, ते तर त्याहून वाईट. स्प्रिंगच्या पोलादाला लवचीकपणा येतो तो मोजून-मापून दिलेल्या उष्णतेमुळे. ज्वाळेने तो संस्कार पुसला जातो, मग ती वाकडी बसते किंवा एक दिवस तुटते. ज्या गावात १९५९ पासून भट्टी पेटलेली आहे, तिथल्या जुन्या माणसांना पोलादाची ही गोष्ट वेगळी सांगायला नको.

तयार मिळणाऱ्या, कंपनीने बनवलेल्या छोट्या स्प्रिंगा यापेक्षा बऱ्या, पण त्यांच्याबरोबर त्यांना जुळणारे शॉकर लागतात. चाकांचे कोन बदलतात, म्हणून अलाइनमेंट पुन्हा लागते. चाकाला वर यायला जागा कमी उरते, म्हणून बंप स्टॉपवर आदळणे वाढते. फक्त पुढून खाली घेतली तर हेडलाइटचा झोतही खाली येतो.

आणि रस्ता? इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने तो सुखाने ओलांडता येतो. आपल्या गल्लीतले सिमेंटचे अरुंद, टोकदार उंचवटे यात कुठे बसतात ते तुम्ही रोजच बघता. त्यांवर मूळ उंचीची गाडीही चार माणसे बसल्यावर खाली घासते. बसकी गाडी असेल तर चेंबर फुटायला एक गतिरोधक पुरेसा आहे.

कायद्याची बाजूही लक्षात ठेवा. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी नोंदणीतले तपशील जुळणार नाहीत असा बदल करायला मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ मनाई करते. ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितले. परवानगी नसलेल्या बदलासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. शिवाय खासगी गाडीला पंधरा वर्षे झाली की नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ती तपासणीला न्यावी लागते. तिथे कापलेली स्प्रिंग लपत नाही. अपघात झालाच तर न कळवलेल्या बदलावरून विम्याचा दावाही अडू शकतो.

मग मधला मार्ग?

आहे ना! जुन्या गाडीच्या स्प्रिंगा वर्षानुवर्षांच्या भाराने आपोआप थोड्या बसलेल्या असतात. सपाट जागेवर गाडी उभी करून, टायरमधली हवा सारखी भरून, चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी टेपने मोजा. डावी-उजवी बाजू वेगळी आली किंवा उंची मूळ मापापेक्षा कमी भरली, तर मूळ उंचीच्या नव्या स्प्रिंगा टाका. नवे शॉकर, नवे माउंटिंग आणि चांगले टायर यांची जोड मिळाली की चिरंजीवांना हवी होती ती वळणावरची पकड बरीचशी मिळते, आणि आजीला मागच्या सीटवर कंबरही धरावी लागत नाही.

काम झाल्यावर मुलाला घेऊनच चक्कर मारा. स्टिअरिंग सैल धरून गाडी सरळ जाते का पाहा, एका गतिरोधकावरून हळू न्या, मोकळ्या रस्त्यावर एकदा जोरात ब्रेक दाबा. शंभर-दोनशे किलोमीटर झाल्यावर मिस्त्रीकडून सगळे बोल्ट पुन्हा तपासून घ्या. हे दिवाळीच्या आदल्या दिवशी नको, निदान पंधरा दिवस आधी करा. नागपूरचा रस्ता अडीचशे किलोमीटरहून जास्त आहे, आणि मागे सगळे घर बसलेले असते.