नव्या स्मार्टफोनची ओळख

नवा अँड्रॉइड फोन हाती आला, की प्रथम ‘सेटिंग्ज’मध्ये जाऊन भाषा मराठी करावी, अर्धी भीती तेथेच ओसरते. पुढे कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर फोनचे मॉडेल घालून शोध घेतल्यास माहितीपुस्तिका बहुधा विनामूल्य मिळते. यूट्यूबवरील मराठी चित्रफितीही उपयोगी पडतात. मात्र तीतील फोन आपल्यासारखाच आहे ना, हे पाहून घ्यावे.

एक सावधगिरी अवश्य बाळगावी. शोध घेताना दिसणारा प्रत्येक मदतक्रमांक खरा नसतो. पलीकडील मनुष्य एखादे ॲप घ्यावयास किंवा ओटीपी सांगावयास म्हणाला, तर संभाषण तत्काळ थांबवावे. पैसे गेलेच, तर लाजून गप्प न बसता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे. त्वरा केल्यास रक्कम अडविली जाण्याचा संभव असतो.